डझनाचा हिशेब: शब्द कुठून आला आणि माल कसा मोजायचा

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हापूसची पेटी समोर आली की भावाच्या आधी एकच गोष्ट विचारायची: ‘किती डझनाची?’ चार डझनाची पेटी आणि आठ डझनाची पेटी बाहेरून सारखीच दिसते. फळ मोठं असेल तर पेटीत कमी मावतं, बारीक असेल तर जास्त. नुसता पेटीचा भाव ऐकून घासाघीस सुरू केली की गिऱ्हाईक तिथेच फसतं.

शब्द इंग्रजी असला तरी मंडईत तो कुणाला परका वाटत नाही. केळी, अंडी, आंबे, पणत्या, रुमाल, काचेच्या बांगड्या, सगळं डझनानेच घेतलं जातं. तो इतका सहज रुजला याचं एक कारण आपल्या पावकी-निमकीत, म्हणजे पाव-अर्ध्याच्या पाढ्यांत आहे. त्याकडे येऊच, पण आधी शब्द फोडून बघू.

शब्द मागून पुढे वाचा

कुठल्याही उसन्या शब्दाचं मूळ शोधताना शेवटच्या मुक्कामापासून सुरुवात करायची आणि एकेक पायरी मागे जायचं. मराठी ‘डझन’ इंग्रजीतून आला. इंग्रजीने तो जुन्या फ्रेंचमधून घेतला. तिथे तो ‘दूझेन’ होता. यातला ‘दूझ’ म्हणजे बारा आणि ‘-एन’ हा ‘इतक्यांचा गट’ सांगणारा प्रत्यय. ‘दूझ’ हे लॅटिन ‘दुओदेकिम’चं झिजून उरलेलं रूप: ‘दुओ’ म्हणजे दोन, ‘देकेम’ म्हणजे दहा.

आता ‘दुओदेकिम’च्या शेजारी संस्कृत ‘द्वादश’ ठेवा. द्व आणि दुओ, दश आणि देकेम. हा योगायोग नाही. लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे ही एकाच जुन्या शब्दजोडीची दोन रूपं आहेत. ‘द्वादश’ प्राकृतातून घासत घासत आपल्याकडे ‘बारा’ झाला. म्हणजे ‘डझन’ आणि ‘बारा’ हे लांबचे भाऊ आहेत. एक रोम, पॅरिस आणि लंडनमार्गे फिरून आला, दुसरा घरीच राहिला.

दोन्ही शब्दांची झीज अक्षराअक्षराने दाखवता येते. ‘डझन’मधला ‘ड’ हा ‘दुओ’चा अवशेष, ‘झ’ हा ‘देकेम’चा आणि ‘न’ हा त्या फ्रेंच प्रत्ययाचा. ‘बारा’मधला ‘बा’ हा ‘द्वा’चा आणि ‘रा’ हा ‘दश’चा. ‘द्व’चा ‘ब’ झालेला पटत नसेल तर पाढे आठवा. ‘बे एके बे’ मधला ‘बे’ म्हणजे दोनच. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट या सगळ्यांत तोच ‘ब’ बसला आहे.

उच्चाराचंही थोडं सांगायला हवं. इंग्रजीतला ‘ड’सारखा उच्चार आपल्या कानाला मूर्धन्य, म्हणजे जीभ मागे वळवून केलेला वाटतो, म्हणून डॉक्टर, डबल आणि डझन. शब्दाच्या मधला इंग्रजी घर्षक ध्वनी आपल्याकडे नाही. त्याला सगळ्यात जवळचा म्हणजे ‘झाड’मधला दंततालव्य ‘झ’. म्हणून आपण ‘डझन’ म्हणतो; हिंदीवाले मात्र ‘दर्जन’ म्हणतात.

इंग्रजीचा स्वतःचा बारा मात्र वेगळ्या वाटेने आला. ‘ट्वेल्व्ह’चा जुना अर्थ ‘दोन उरले’: दहा मोजून झाल्यावर दोन उरले ते. ‘इलेव्हन’ म्हणजे ‘एक उरला’. आपण एकोणीसमध्ये याच्या उलट करतो. ‘एक ऊन वीस’, म्हणजे विसाला एक कमी.

हीच पद्धत दुसऱ्या शब्दांना लावून बघा. ‘-एन’ प्रत्ययाचं भावंड हवं असेल तर ‘क्वारंटीन’ घ्या. व्हेनिसच्या बोलीत ‘क्वारांतेना’ म्हणजे चाळिसाचा गट, रोगाच्या संशयावरून जहाज बंदराबाहेर थांबवून ठेवायचे चाळीस दिवस. ‘ग्रोस’ म्हणजे बारा डझन, १४४ नग; फ्रेंचमध्ये तो मुळात ‘मोठा डझन’ होता. ‘ग्रॉस पगार’मधला ग्रॉस याच घरातला, आणि इंग्रजीत किराणा दुकानदाराला म्हणतात तो ‘ग्रोसर’सुद्धा, कारण मुळात तो ठोकाने माल विकणारा. ‘इंच’ आणि ‘औंस’ हे दोन्ही लॅटिन ‘उंकिया’चे, अर्थ बारावा भाग. फुटात बारा इंच का, याचं उत्तर इंचाच्या नावातच आहे.

‘स्कोअर’ म्हणजे वीस. हा शब्द जुन्या नॉर्सचा, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेचा. मूळ अर्थ खाच. मेंढरं मोजताना दर विसाला काठीवर एक खाच पाडायची, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण. क्रिकेटचा स्कोअरही त्या खाचेतूनच आला. आपल्याकडे विसाला ‘कोडी’ होती. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ती सापडते. या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची, आणि ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. त्यात शब्दापुढे संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्थानी अशा खुणा दिल्या आहेत. शोधाची सुरुवात त्या खुणेपासून करा, पण ती शेवटचा शब्द मानू नका. आणि नुसत्या आवाजाच्या साम्यावर नातं जोडू नका. ‘दर्जन’चा ‘दर्जी’शी किंवा ‘दर्जा’शी काही संबंध नाही.

पाव डझन ते औट डझन

बाराला २, ३, ४ आणि ६ ने पूर्ण भाग जातो. दहाला फक्त २ आणि ५ ने. तराजू हाताशी नसताना माल वाटायचा तर बारा सोयीचे, म्हणून ते बाजारात टिकले. पण मराठी माणसाला याचा दुप्पट फायदा होतो, कारण आपण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असंच बोलतो. यातला प्रत्येक अपूर्णांक डझनाला लावून बघा: पाव डझन ३, अर्धा ६, पाऊण ९, सव्वा १५, दीड १८, पावणेदोन २१, अडीच ३०, आणि औट, म्हणजे साडेतीन, ४२. एकदाही नग कापावा लागत नाही. हेच दहाच्या गटाला लावलं की पावालाच अडीच नग होतात आणि अर्धं केळं कुणाला द्यायचं हा प्रश्न पडतो.

पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेत. डझनाच्या हिशेबाला तेवढं भांडवल पुरतं. एक गंमत बघा: गणपतीच्या नैवेद्याचे एकवीस मोदक म्हणजे बरोबर पावणेदोन डझन. तयार मोदक डझनाच्या भावाने घेणार असाल तर दोन डझन घेऊन तीन जास्त आणण्याऐवजी ‘पावणेदोन डझन’ सांगा आणि पैसेही पावणेदोनचेच द्या.

बोटांवर मोजायचं तर अंगठा मोकळा ठेवा. उरलेल्या चार बोटांना प्रत्येकी तीन पेरं, म्हणजे बारा. अंगठा पेरावरून पेरावर सरकवत जा. करंगळीचं शेवटचं पेर आलं की एक डझन. तेव्हा दुसऱ्या हाताचं एक बोट मिटा. पाचही बोटं मिटली की साठ नग, म्हणजे पाच डझनाची अख्खी पेटी दोन हातांवर मोजून होते.

पेटी मोजताना

डझनावारी फळ मोजताना एकेक मोजू नका, चुकतंच. एका हातात तीन फळं धरा. असे चार हात म्हणजे डझन. विकणारा दोन्ही हातांत तीन-तीन घेऊन सहा-सहा टाकत असेल तर त्याचे फक्त ‘टाक’ मोजा, दोन टाक म्हणजे डझन. मोजताना तो बोलत असला तर आकड्यांकडे कान ठेवा. धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची जुनी रीत आहे. काही जण मोजणीची सुरुवात अजून तशीच करतात. ‘लाभ, दोन, तीन’ अशीच ती मोजणी असते. ज्याला हे माहीत नाही, तो ‘दोन’ ऐकून पहिलं धरतो आणि एक नग मागे राहतो. मग उगाच विकणाऱ्यावर संशय.

पेटीत पेंढ्याखाली थर असतात. वरच्या थरात मोठी, एकसारखी फळं आणि खाली बारीक, हा प्रकार जुना आहे. म्हणून वरच्या थरातले नग मोजून त्याला थरांच्या संख्येने गुणू नका. खालचा थर बारीक असेल तर त्यात नग जास्त बसतात आणि गुणाकार खोटा पडतो. एक कोपरा तळापर्यंत उकलून तळाचं फळ हातात घ्या. डागी फळ पेटीतच बाजूला काढून दाखवा, घरी नेल्यावर नाही. साका, म्हणजे आत खराब झालेला गर, मात्र बाहेरून दिसत नाही. तो कापल्यावरच कळतो, म्हणून तो हिशेबात धरून ठेवा.

पैशांचा हिशेब असा. पेटी तीन हजारांची आणि पाच डझनाची असेल तर डझन सहाशेला, फळ पन्नासला. साठांतली तीन डागी निघाली की तेच फळ बावन्न रुपये त्रेसष्ट पैशांना पडलं. तेवढं आधी मनात धरून भाव करा.

पण डझनाचा भाव वजन सांगत नाही, आणि डझनावारी खरेदीतली खरी मेख हीच आहे. समजा एका ठिकाणी डझन ९०० रुपये, फळ सरासरी २५० ग्रॅमचं; दुसरीकडे डझन ७८० रुपये, फळ २०० ग्रॅमचं. दुसरा स्वस्त वाटतो. पण पहिल्यात तीन किलो आंबा आला, म्हणजे किलो ३०० रुपयांना. दुसऱ्यात दोन किलो चारशे ग्रॅम, म्हणजे किलो ३२५ला. कोय आणि साल दोन्हीकडे आहेच, आणि बारीक फळात गराचा वाटा सहसा आणखी कमी. जिथे शक्य असेल तिथे एक डझन काट्यावर ठेवायला सांगा. विकणारा नाही म्हणाला तर एकच मध्यम फळ तोला आणि बाराने गुणा.

डझनाच्या भावावरून नगाचा भाव तोंडी काढायचा तर अर्धा करा, पुन्हा अर्धा करा आणि मग तीनने भागा: ८५०, ४२५, दोनशे साडेबारा, आणि साधारण ७१. उलट जायचं असेल तर दहापट अधिक दुप्पट: नग ७५ला असेल तर ७५० आणि १५०, म्हणजे डझन ९००.

केळ्यांची अडचण वेगळी. केळी घडात येतात आणि घडाला फण्या असतात. फणीत बाराच केळी असतील असं नाही. डझन भरायला दुसऱ्या फणीतली जोडतात, आणि ती बहुधा जास्त पिकलेली किंवा लहान असतात. जोड घ्यायची असेल तर मुद्दाम हिरवट मागा, ती दोन दिवसांनी खायला येतात. जुळं केळं आलं तर ते एक की दोन, यावर नंतर वाद घालण्यात अर्थ नाही; पिशवीत पडायच्या आधी विचारा.

अंडी शेकड्याने, विक्री डझनाने

पुण्यात मुख्यालय असलेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती अंड्यांचा घाऊक दर शंभर नगांना जाहीर करते. दुकानात मात्र आपण डझन मागतो, आणि ट्रे तिसाचा असतो. तीन वेगळी मापं एकाच मालाला, त्यामुळे गोंधळ ठरलेला. शेकड्याच्या दराला बाराने गुणून शंभराने भागा: शेकडा ६०० असेल तर डझन ७२, ट्रे १८०. किरकोळ विक्रीत वाहतूक, फूट आणि दुकानदाराचा नफा यांची भर पडणारच. त्यामुळे भाव यापेक्षा किती वर आहे, ते या आकड्यावरून कळतं.

तिसाच्या ट्रेमध्ये सहाच्या पाच ओळी असतात. म्हणजे प्रत्येक ओळ अर्धा डझन आणि अख्खा ट्रे अडीच डझन. डझन घ्यायचा तर दोन पूर्ण ओळी उचला, मोजायची गरजच नाही. सात ट्रेंचं मोठं खोकं २१० अंड्यांचं, साडेसतरा डझनाचं. बंद खोक्यात मात्र सहा, दहा, बारा आणि तीस असे सगळे आकार मिळतात. दहाच्या खोक्याला सवयीने डझन समजू नका. लांबून ती सारखीच दिसतात.

ग्रोस, दस्ता आणि तेराचा डझन

बोहरी आळीत किंवा रविवार पेठेत शिलाईचं सामान घेताना बटणांचा भाव ग्रोसमध्ये सांगतात. ग्रोस १४४ आणि शेकडा १००, यांची गल्लत झाली की सौदा उलटा दिसतो. ग्रोस ७२० रुपयांना आणि शेकडा ५२० रुपयांना सांगितला, तर घाईत शेकडा स्वस्त वाटतो. नगाला बघा: ग्रोसमध्ये ५ रुपये, शेकड्यात ५ रुपये २० पैसे. शर्टाला सात बटणं लागत असतील तर ग्रोसमध्ये वीस शर्ट होतात आणि चार बटणं उरतात.

कागदाचा जुना दस्ता २४ तावांचा, म्हणजे दोन डझनांचा. दस्ता हा फारसी ‘दस्त’ म्हणजे हात यावरून आला. असे वीस दस्ते म्हणजे ४८० तावांचं रीम. आता प्रिंटरच्या कागदाचं रीम ५००चं असतं. जुन्या वहीखात्यावरून किंवा जुन्या दरपत्रकावरून हिशेब करत असाल तर आधी रीम कोणतं ते ठरवा, नाहीतर प्रत्येक रीममागे वीस ताव चुकतील.

इंग्रजीत ‘बेकर्स डझन’ म्हणजे तेरा. तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये पावाच्या वजनाचा कायदा होता आणि कमी भरलं की शिक्षा. त्या भीतीने बेकरीवाले बारावर एक पाव जास्त द्यायचे, हे त्याचं सगळ्यांत प्रचलित स्पष्टीकरण. आपल्याकडे ‘वर एक टाका’ म्हणतात, तो याच जातीचा. त्यातली सूट मोजताना चूक होते. बारावर एक फुकट म्हणजे बाराव्या भागाची, ८.३ टक्क्यांची सूट नव्हे. तेरा नगांत एक फुकट, म्हणून ती साधारण ७.७ टक्के. आणि वरचा नग सहसा ढिगातला सगळ्यांत बारीक असतो, त्यामुळे त्याहूनही कमीच.

पैशांतही डझन होता. एका आण्याला बारा पै, एका रुपयाला सोळा आणे, म्हणजे १९२ पै. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली आणि हा हिशेब संपला. डझनाचा भाव बारा आणे असला की नग एक आण्याला. ती सोय गेली, पण शब्द राहिला.

कुठे डझन, कुठे बारा

सुटे, एकसारखे नग असतील तरच डझन म्हणा. ‘बारा वाजले’चे ‘डझन वाजले’ होत नाहीत, वर्षाचे बारा महिने असतात, बाळाचं बारसं असतं. बारा मावळ, बारा बलुतेदार, पेशवाईतले बारभाई, बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस, इथे बारा ही नुसती संख्या नाही, त्यात एक भारदस्त ‘पुष्कळ’ आहे. डझनला तो भार नाही. ‘डझनभर पाहुणे आले’ म्हटलं की त्यात थोडी कुरकुर ऐकू येते. लिहिताना ‘डझन’चं अनेकवचन करू नका: दोन डझन आंबे, पाच डझन. सामान्यरूप मात्र होतं: डझनाचा, डझनाने, डझनावारी. ‘डझनभर’ म्हणजे साधारण बारा, ‘डझन’ म्हणजे नेमके बारा. बिलावर पहिला शब्द लिहू नका.

बांगड्या

तुळशीबागेत काचेच्या बांगड्या डझनाने मागायच्या, पण चुड्यात आकडा सहसा विषम, एका हातात एक जास्त. दहा आणि अकरा अशा एकवीस भरायच्या तर दोन डझन घ्या, म्हणजे तीन उरतात. भरताना एखादी पिचतेच, आणि पिचली तरी ‘फुटली’ म्हणायचं नाही, ‘वाढली’ म्हणायचं.

मापात मात्र डझन नाही, आणे आहेत. बांगडीवर २.४ लिहिलेलं असतं ते दशांश समजू नका. ते दोन इंच चार आणे, म्हणजे दोन इंच आणि इंचाचे सोळापैकी चार भाग: सव्वादोन. २.८ म्हणजे अडीच. म्हणूनच २.१० हे माप २.८ पेक्षा मोठं असतं, आणि ऑनलाइन मागवताना बरीच जणं इथे चुकून एकदम मोठं किंवा लहान माप मागवतात. घरातली नीट बसणारी एक बांगडी पट्टीवर ठेवून आतला व्यास मोजा. तो सेंटिमीटरमध्ये आला तर २.५४ने भागा. उत्तर २.५ आलं तर २.८ मागा, २.३८च्या आसपास आलं तर २.६. काठावर असेल तर मोठं माप घ्या. सैल बांगडी चालते. घट्ट बांगडी चढताना वाढते.